डाव्या खिशातला चिंचोका

भालेरावांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्या कानाखाली मारली तेव्हा.

खोटं कशाला बोलू? तेव्हा मी तिशीच्या आतला, गावच्या टीमचा ओपनर. शेतावर नुकतीच पाच मजली बिल्डिंग उभी राहिलेली, त्यामुळे अंगात मस्ती जरा जास्तच. आमचं गाव मानपाड्याच्या पलीकडे. आमच्याकडे टेनिस बॉलची टुर्नामेंट म्हणजे जत्रेच्या बरोबरीचं काम. मांडव, माइक, सगळ्या गावांतले पाहुणे. अशा भरल्या मैदानात या माणसानं मला कीपरच्या हातात कॅच आउट दिलं. बॉल माझ्या मांडीला लागून गेलेला, बॅटचा संबंध नाही. मी ताडताड चालत गेलो आणि दिली एक ठेवून. त्यांची टोपी तिकडे शॉर्ट कव्हरला जाऊन पडली.

त्यांनी गाल चोळला नाही. टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि सरळ लेग अंपायरकडे गेले. विचारलं, "काय बघितलंस?"

तो बिचारा लटपटत म्हणाला, "मांडीला लागला, साहेब."

भालेराव परत आले. उजवा हात डाव्या खांद्यावर, डावा उजव्या खांद्यावर, छातीवर फुली. आधीचा निर्णय रद्द, असा त्याचा अर्थ. ती खूण मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आमच्याकडे अंपायर निर्णय बदलतच नाही, कारण बदलला तर एक टीम मारते, नाही बदलला तर दुसरी.

"आउट नव्हतास, ते तुझं," ते म्हणाले. मग गेटकडे हात केला. "हात उचललास, ते माझं. चल, मैदानाबाहेर."

आयला, म्हणजे विकेट परत मिळाली आणि मॅच गेली! मी बाहेर रिक्षा स्टँडवर बसून शिव्या घालत होतो. मॅच संपल्यावर हा माणूस तिथे आला. गालावर माझी चार बोटं लालभडक उठलेली. म्हणाला, "पाटील, बॉल कुठे लागला ते तुला बरोबर कळलं होतं. डोळा चांगला आहे. लेग अंपायर म्हणून उभा राहशील माझ्याबरोबर?"

मला वाटलं, माराचा परिणाम झालाय डोक्यावर. पण पुढच्या रविवारी गेलो, आणि मग जातच राहिलो.

भालेराव ठाण्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून नावाचा पुकारा करायचा, हे काम. आवाज असा, की खाली चहा पीत बसलेला माणूस कप टाकून जिना चढायचा. राहायला कल्याण पूर्वेला चाळीत. शनिवारी रात्री पांढरी पँट-शर्ट स्वतः इस्त्री करायचे, काकूंना हात लावू द्यायचे नाहीत. बॉल मोजायला बाकीचे अंपायर हातात ते छोटं मशीन ठेवतात, यांच्याकडे सहा चिंचोके. ओव्हर सुरू होताना सहाही डाव्या खिशात. एक बॉल पडला की एक चिंचोका उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की कोर्टातल्या त्याच आवाजात "ओव्हर!" मांडवातले म्हातारे झोपेतून दचकायचे.

ते मला सांगायचे, "कोर्टात अपील वर जातं, पाटील. मैदानात वर कोणी नाही. इथे अपील बाजूला जातं. म्हणून तू बाजूला आहेस."

विचारायची त्यांची पद्धत ठरलेली. "मांडीला लागला ना?" असं कधी विचारायचे नाहीत. म्हणायचे, तसं विचारलं की समोरचा मान डोलावतो. फक्त दोन शब्द, "काय बघितलंस?" आणि आपण बघितलं तेवढंच सांगायचं. "दिसलं नाही म्हणायला लाज वाटून घेऊ नको. दिसलं नाही हेसुद्धा उत्तर आहे. न बघता ठोकून देणाऱ्याला लाज पाहिजे." आणि सगळ्यात वरचा नियम, पुढचा बॉल पडायच्या आत. तोपर्यंत चूक दुरुस्त करता येते. पुढचा बॉल पडला की ती पक्की झाली, मग ब्रह्मदेव आला तरी नाही.

बाकीचे अंपायर त्यांना हसायचे. विचारायला गेलास की पब्लिकला कळतं तू कच्चा आहेस, म्हणायचे. भालेराव म्हणायचे, "आहेच मी कच्चा. म्हणून तर दोघांना उभं करतात."

मार मात्र त्यांनी इतका खाल्ला की मोजदाद नाही. एकदा टिटवाळ्याला एक बॅट्समन फुलटॉसवर कॅच आउट झाला, यांनी बोट वर केलं. बॉल कमरेच्या वर होता, म्हणजे नो बॉल, आणि तो यांच्याकडून सुटला. गर्दीतून दगड आला तो थेट भुवईवर. भुवई उकलली, डोळा रक्तानं भरला. मी धावत गेलो. मला वाटलं, आता पाणी मागतील, रुमाल मागतील. यांनी दुसरा डोळा माझ्यावर रोखला. "काय बघितलंस?"

"सर, रक्त..."

"रक्त मला कळतंय. बॉल सांग."

"कमरेच्या वर होता."

यांनी खांद्यांवर हात ठेवले. पांढऱ्या शर्टावर दोन्ही खांद्यांना दोन लाल पंजे उमटले. दगड ज्यांनी मारला त्यांच्याच बाजूनं निर्णय गेला! तिकडे टाळ्या, शिट्ट्या. यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "नो बॉल बरोबर. आता दगडवाला पुढे येऊ दे. तो येईपर्यंत बॉल पडणार नाही."

अर्धा तास हा माणूस तसाच उभा. रक्त हनुवटीवरून गळतंय, बसायला तयार नाही. शेवटी गर्दीतून एक आडदांड गडी स्वतःहून चालत आला आणि समोर येऊन रडायलाच लागला. भालेरावांनी त्याला गेट दाखवलं, चिंचोके चाचपले आणि म्हणाले, "प्ले." टाके मॅच संपल्यावर.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो, तर काकू दारातच आडव्या. "रक्त तुमचं की दुसऱ्याचं? ते आधी सांगा, मग आत या." भालेराव म्हणाले, "माझंच." "मग या," म्हणाल्या आणि शर्ट मिठाच्या पाण्यात टाकला. हे त्यांच्या घरात नेहमीचं होतं.

ते देवमाणूस होते असलं काही मी म्हणणार नाही. हात त्यांचाही सुटायचा. त्यांची मुलगी सुजाता शाळेत असताना घरातला आरसा फुटला म्हणून यांनी तिला सणसणीत दिली होती. ती शाळेत गेल्यावर कळलं, आरसा शेजारच्या मांजरानं पाडलेला. हा माणूस कोर्टाची वेळ टाळून शाळेत गेला, वर्गात शिरला आणि पन्नास मुलींसमोर खांद्यांवर हात ठेवून उभा राहिला. ती घरी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? पण नाही. सुजाता अजून सांगते, "मारापेक्षा ती लाज जास्त लागलेली मला. सगळ्या मला अंपायर म्हणायला लागल्या." भालेरावांना त्यात काही चुकलं असं कधीच वाटलं नाही.

मग आमच्या गावची ती फायनल झाली. ते रिटायर झालेले, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. समोर कल्याणची टीम. आमच्या गावाला दोन बॉलमध्ये चार धावा हव्या होत्या. बॅटिंगला माझा चुलतभाऊ प्रशांत. आणि लेग अंपायर मी. घरच्या मॅचला मी उभं राहायला नको होतं, मी तसं म्हणालोही होतो. भालेराव म्हणाले, "डोळ्याला गाव नसतं. उभा राहा."

प्रशांतनं बॉल उचलला, माझ्या डोक्यावरून मागे. सीमेवर कल्याणच्या पोरानं मागे सरकत सरकत कॅच धरला. मी वळून बघत होतो, पंधरा-वीस पावलांवरून. चुन्याची फक्की मारलेली रेषा, आणि त्याची टाच रेषेच्या आत. करंगळीएवढी, पण आत. स्वच्छ कॅच. भालेरावांना पिचवरून ती टाच रेषेवर पडल्यासारखी दिसली, त्यांनी दोन्ही हात वर केले. सिक्स. यूट्यूबवाल्याचा कॅमेरा प्रशांतवर, मांडव उठून मैदानात, ढोल सुरू.

कल्याणचा कॅप्टन हात जोडत आला, "सर, एकदा विचारा. फक्त विचारा." भालेरावांनी नाचणाऱ्यांतून वाट काढली. ढोल बंद करायला लावला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय बघितलंस?"

पहिल्या रांगेतून माझा सख्खा मोठा भाऊ ओरडला, "जगूऽ, नीट सांग काय तं! तू गावाचा हाईस!"

दोन शब्द सांगायचे होते. कॅच आहे. मी म्हणालो, "सर, दिसलं नाही. डोळ्यांवर ऊन होतं."

त्यांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं, मान डोलावली आणि एकटेच सीमेपर्यंत चालत गेले. गुडघ्यावर बसले, फक्की कुठे मोडलीय का म्हणून नाक टेकेल इतकं वाकून रेषा बघितली. उठले. सगळ्या गावासमोर खांद्यांवर हात ठेवले आणि बोट वर केलं. आउट.

अहो, एक बॉल बाकी होता! एका बॉलला चार, आमच्याकडे मारणारे होते. पण ऐकतो कोण? पहिली लाथ कोणाची ते मला माहीत आहे, नाव सांगत नाही, सकाळी रोज दिसतो. कोणी स्टंप उपटले, कोणी मांडवाचा बांबू. "फुटलेला हाय हा! कल्याणवाल्यांनी फोरलाय ह्याला!" भालेराव खाली पडले तरी डावा हात खिशावर धरून ठेवलेला. त्या हातावर बांबू बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी "सोडा रे, सोडा" म्हणालो, पण कोणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो नाही. तेवढ्यात कोणीतरी सीमेवरची ती रेषा चपलेनं पुसून टाकली. कप गावानं ठेवून घेतला.

हॉस्पिटलात गेलो तेव्हा हाताला प्लास्टर, तीन बरगड्यांना मुका मार, ओठ शिवलेला. सुजाता पोलीस केस करायला निघालेली, तिला यांनीच अडवलेलं. "आधी निर्णय बरोबर होता का ते ठरू दे. चुकीचा असेल तर त्यांच्या रागाला कारण होतं."

"बाबा, कारण असलं म्हणून हात मोडायचा?"

"ते वेगळं. पण आधी निर्णय."

मग माझ्याकडे वळून परत तोच प्रश्न. "पाटील, काय बघितलंस?"

खोलीत ऊन नव्हतं, गाव नव्हतं, भाऊ नव्हता. तरी मी म्हणालो, "खरंच दिसलं नाही, सर."

"मग तुझा काही दोष नाही," ते म्हणाले. "न दिसणं हा गुन्हा नाही." काकूंनाही सांगितलं, "याला कोणी बोलायचं नाही." आणि मग छताकडे बघत म्हणाले, "मी बघितली तेव्हा रेषा अख्खी होती. पण डोळा ऑपरेशनचा. मोडलेली रेषा मला अख्खी दिसली असेल तर? गावाची जिंकलेली मॅच मी फुकट ओढून घेतली असेल तर?"

हात मोडला त्याचं त्यांना काही नव्हतं. हेच एक खात होतं. दर रविवारी दुपारी, मॅचच्या वेळेला, त्यांचा फोन यायचा. "पाटील, ती टाच... काही आठवतं का?" मी म्हणायचो, "नाही सर." "बरं." ठेवायचे. अंपायरिंग त्यांनी सोडलं. निर्णय पक्का कळल्याशिवाय परत उभा राहणार नाही, म्हणाले. पुढे पुढे रविवारी मी फोन उचलणंच बंद केलं. माझ्यासारखा भिकारडा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता, आणि हे मला रोज कळत होतं.

वर्ष गेलं. परत आमची टुर्नामेंट, परत मांडव. कॉमेंटेटर माइकवर रंगात आलेला. म्हणाला, "गेल्या वर्षीचे आपले आंधळे अंपायर सध्या घरी चष्मा शोधत आहेत, मंडळी!" सगळा मांडव हसला. माझा भाऊ हसला. आणि माझं टाळकं फिरलं.

मी माइक हिसकावला. "तो कॅच होता! टाच रेषेच्या आत होती. मी बघितली. मी खोटं बोललो. आंधळं कोणी नव्हतं, मी भडवेगिरी केली आणि तुम्ही त्या माणसाला जनावरासारखा मारला!"

पहिला हात माझ्या भावाचाच पडला. पाहुण्यांसमोर, मांडवात. मग बाकीचे. समोरचा दात तिथेच खुर्च्यांखाली कुठेतरी गेला. मी सोडवायला कोणाला बोलावलं नाही. कप अजून आमच्या देवळाच्या ऑफिसात कपाटात आहे, बाहेर काढायची मात्र कोणाची हिंमत होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवाळ्याला गेलो. चाळ पाडायला काढल्यावर ते तिथे नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलेले. तिसरा मजला, लिफ्ट अजून चालू नाही. काकूंनी दार उघडलं, माझं सुजलेलं तोंड बघितलं.

"रक्त तुझं की दुसऱ्याचं?"

"माझंच, काकू."

"मग ये."

ते गॅलरीत खुर्चीवर. डावा हात वाळून गेलेला, कोपरात वाकलेला. तरी अंगात इस्त्रीची पांढरी पँट. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "काय बघितलंस?"

"टाच आत होती, सर. करंगळीएवढी. कॅच होता."

"परत सांग."

मी परत सांगितलं. गावात माइकवर काय झालं तेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग कोर्टातल्या आवाजात आत हाक मारली, "अगं ऐकलंस का? रेषा अख्खी होती!" काकू पदराला हात पुसत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. भालेराव रडत होते. मी त्यांना इतका मार खाताना बघितलं, पण रडताना कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं, सुटलो. फार बरं वाटलं मला.

त्यांनी डोळे पुसले. "ऊन नव्हतं तर."

"नव्हतं, सर."

त्यांनी उजवा हात आडवा नेऊन डाव्या खिशात घातला आणि एक चिंचोका काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. वर्षभर तो त्या खिशातच होता. "एक बॉल बाकी आहे त्या मॅचचा. पुढचा पडलाच नाही. म्हणजे अजून वेळ आहे."

"आहे, सर."

"गावात सांगितलंस, दात घालवलास, ते तुझं," ते म्हणाले. "हॉस्पिटलात मी विचारलं तेव्हा माझ्या तोंडावर खोटं बोललास, ते माझं. त्या दिवशी तुझा दोष नाही म्हणालो होतो."

ते उठून उभे राहिले. उजव्या हातानं डावं मनगट धरून वर उचललं, छातीपर्यंत आणलं. त्याच्या वर तो हात जाईना. काकू पुढे झाल्या, त्यांनी मानेनं नको म्हटलं. डाव्या हाताची बोटं शर्टाच्या दोन बटणांमध्ये अडकवली, म्हणजे हात खाली पडणार नाही. मग उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला आणि तसेच उभे राहिले, मला नीट दिसेपर्यंत. मग तो हात काढला आणि बोट वर केलं.

"चल," म्हणाले. "बाहेर."

मी वाद घातला नाही. दारात चपला घालताना मागे बघितलं. त्यांनी कठड्यावरचा चिंचोका उचलला, उजव्या खिशात टाकला आणि माझ्याकडे पाठ केली. मी अर्धा जिना उतरलो असेन, तेव्हा वरून आवाज आला.

"ओव्हर!"

दुसऱ्या मजल्यावरची एक बाई दार उघडून बाहेर आली. "अहो, कोणाला ओरडतायत ते?"

"मला," मी म्हटलं आणि खाली उतरलो.